तीन खणांचं कपाट

कतारमध्ये, दोहातल्या एका बांधकाम कंपनीत मी सात वर्षं टाइमकीपर होतो. हजेरी लावायची, ओव्हरटाइमचे तास मांडायचे, महिनाअखेरीला टाइमशीट अकाउंट्सकडे पाठवायची, एवढंच काम. पण कंपनीतल्या तीनशेच्या आसपास माणसांच्या लेखी मी ‘चाबीवाला’ होतो. ऑफिसातल्या पत्र्याच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असायची आणि त्या कपाटात त्यांचे पासपोर्ट असायचे.

कपाट करड्या रंगाचं, तीन खणांचं. डाव्या दाराला खाली पोचा आला होता, त्यामुळे उघडताना गुडघ्यानं रेटा द्यावा लागे. वरच्या खणात पासपोर्टांचे गठ्ठे देशवार लावलेले. आपले निळे, नेपाळी आणि बांगलादेशी हिरवे. गठ्ठ्यांचे रबरबँड त्या हवेत दोन-तीन महिन्यांत वाळून तुटत, आणि सकाळी दार उघडलं की एखादा गठ्ठा पायाशी येऊन पडे. मग फोटो बघत पुन्हा लावत बसायचं. फोटोतला चेहरा आणि साइटवरचा चेहरा जुळवणं सोपं नसे. फोटोत तेल लावून पाडलेला भांग आणि स्टुडिओतला उसना कोट. साइटवर तोंडाला फडकं, त्यावर हेल्मेट, उघडे फक्त डोळे.

पासपोर्ट द्यायचा झाला तर त्यासाठी रजिस्टर होतं. त्याचे रकाने मीच आखले होते, पहिल्याच महिन्यात, आणि मला त्याचं कौतुकही होतं. माझ्या आधीच्या माणसानं सगळा कारभार एका वहीच्या मागच्या पानांवर चालवला होता. अनुक्रमांक, नाव, पासपोर्ट नंबर, दिल्याची तारीख, कारण, सही किंवा अंगठा, परत आल्याची तारीख. ‘कारण’च्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलं होतं: सुट्टी, दूतावासात नूतनीकरण, नाहीतर ‘फायनल एक्झिट’, म्हणजे नोकरी संपवून कायमचं परत जाणं. यापलीकडचं चौथं कारण कुणी सांगितलं की मी साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवायचो. आपलीच वस्तू परत घ्यायला माणसानं कारण का सांगावं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पडायचा. टाइमशीट भरता भरता पडायचा आणि टाइमशीट भरून झाली की जायचा.

बरेच जण आपणहून सांगत, ‘साब, आप के पास ही रहने दो, कमरे में चोरी होता है.’ तेही खरं होतं. एका खोलीत आठ जण, दुमजली खाटा, आणि कुलूप लावायला प्रत्येकाची एकेक पेटी, जिचा कडीकोयंडा चमच्यानंही उचकटता आला असता. म्हणजे आमच्या कपाटाचा त्यांना उपयोगही होता. पण बँकेतल्या लॉकरचीसुद्धा एक किल्ली आपल्याकडे असते. इथे एकच किल्ली होती आणि ती माझ्याकडे होती. आणि हो, माझाही पासपोर्ट त्याच कपाटात होता, निळ्या गठ्ठ्यात, वरून पाचवा की सहावा.

हे सगळं कायद्याला धरून नाही, हे मला तिथे जाऊन वर्ष झाल्यावर कंपनीच्या मंदूबनं सांगितलं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. त्यानं ते ‘आज बाहेर फार ऊन आहे’ अशा सुरात सांगितलं. २००९ च्या कायद्यातच होतं की रहिवासाचा परवाना निघाला की पासपोर्ट ज्याचा त्याला परत द्यायचा. पुढे २०१५ साली नवा कायदा आला, क्रमांक २१. त्यात पासपोर्ट अडकवून ठेवणाऱ्याला २५ हजार रियालपर्यंत दंड ठेवला. कायदा जाहीर झाला ऑक्टोबरमध्ये, लागू होणार होता डिसेंबर २०१६ पासून. मधला काळ कंपन्यांना तयारीसाठी. आमच्या ऑफिसनं त्या काळात एका अर्जाचा मसुदा तयार केला.

त्याचं असं झालं की त्याच कलमात एक सोय ठेवली होती: कामगारानं स्वतः लेखी विनंती केली, तर मालकाला त्याचा पासपोर्ट सांभाळता येईल. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, ‘असा अर्ज बनव.’ मी बनवला. इंग्रजीत. ‘मी, खाली सही करणारा, माझा पासपोर्ट सुरक्षित राहावा म्हणून तो कंपनीनं आपल्या ताब्यात ठेवावा अशी नम्र विनंती करतो.’ त्यातला ‘नम्र’ माझ्या पदरचा. एका शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पच्या, म्हणजे कामगारांच्या वसाहतीच्या, मेसमध्ये टेबल टाकलं आणि दोन तासांत जवळजवळ तीनशे नम्र विनंत्या गोळा केल्या. मध्येच शाईचा पॅड वाळला, तेव्हा त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. कुणी विचारलंच तर फोरमन सांगे, ‘गोरमेंट का नया कागज है.’ यात तो खोटं बोलत नव्हता. सरकारनं कायदा केला नसता तर तो कागद जन्मालाच आला नसता. अर्जांच्या फायली कपाटाच्या मधल्या खणात गेल्या. पासपोर्ट होते तिथेच राहिले.

बाहेरून आलेल्या कामगाराच्या संरक्षणाचे कायदे हा विषय निघाला की मला आधी तो ओला पॅड आठवतो. कायदा लिहिणाऱ्यांची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. त्यांनी कामगाराच्या मर्जीला जागा ठेवली, इतकंच. फक्त ज्याचा व्हिसा, खोली, जेवण आणि परतीचं तिकीट एकाच माणसाच्या हातात आहे, त्याच्या मर्जीला किती वजन असतं हे त्यांनी धरलं नाही.

या व्यवस्थेला कफाला म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. परक्या मुलखातून आलेल्या माणसाची हमी एका स्थानिकानं घ्यायची, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे जामीन राहतात ते एखाद्याला सोडवण्यासाठी. तिथे जामीन राहणाऱ्याच्या हातात तुमचा प्रवेश, तुमचा रहिवास, २०१८ पर्यंत देशाबाहेर पडायची परवानगी आणि २०२० पर्यंत नोकरी बदलायची परवानगी. त्याचं काम सोडलं की नुसती नोकरी जात नसे, त्या देशात उभं राहण्याचा हक्कच जाई. न सांगता निघून गेला तर मालक ‘फरार’ म्हणून खबर देणार, मग पोलीस, मग हद्दपारी. कतारमध्ये कामाला असलेल्या दर दहा माणसांत नऊहून जास्त परदेशी. म्हणजे अख्खा देश बांधणारी माणसं कुणाच्या ना कुणाच्या जामिनावर बाहेर होती.

गोरखपूरकडचा एक स्टील फिक्सर होता. सळ्या बांधायचा त्याचा हात इतका जलद की बाइंडिंग वायरची पीळ मारताना हूक दिसत नसे, नुसता आवाज यायचा. त्यानं मुंबईच्या एजंटाला ९० हजार रुपये दिले होते, गावातल्या सावकाराकडून शेकडा तीननं काढून. शेकडा तीन म्हणजे महिन्याला. नुसतं व्याजच २७०० रुपये. मुंबईत दाखवलेल्या करारात पगार १२०० रियाल होता. दोहात उतरल्यावर दुसऱ्या कागदावर अंगठा घेतला, त्यात ८००. विमानाचं परतीचं तिकीट काढून देतो, पटत नसेल तर जा, असंही त्याला सांगण्यात आलं. हे सांगणाऱ्याला ९० हजारांची गोष्ट पक्की ठाऊक होती.

वर्षभरानं शेजारच्याच प्लॉटवरच्या दुसऱ्या कंपनीनं त्याचा हात बघितला आणि ११०० देऊ केले. त्याला आमच्या कंपनीचा ना-हरकत दाखला हवा होता. तिकडे सगळेच त्याला एनओसी म्हणतात. त्याशिवाय तो नोकरी बदलू शकत नव्हता, आणि काम सोडून घरी गेला असता तर तेव्हाच्या नियमानं दोन वर्षं परत येता आलं नसतं. साहेबांनी एनओसी दिली नाही. देण्याचं त्यांना काही कारणही नव्हतं. चांगला फिक्सर ८०० रियालमध्ये मिळत असताना कोण सोडेल? मी त्यांच्या जागी असतो तर सोडला असता का, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही.

मग तो दर शुक्रवारी माझ्या केबिनशी यायचा. पासपोर्ट मागायचा नाही. म्हणायचा, ‘साब, मेरा वाला एक बार दिखा दो.’ मी दाराला गुडघा लावायचो, गठ्ठ्यातून त्याचा पासपोर्ट काढून हातात द्यायचो. तो उभ्या उभ्या पानं उलटायचा. फोटोचं पान, मग पत्त्याचं, बायकोचं नाव असलेलं, मग व्हिसाचं. अंगठ्यानं पानाची कड साफ करायचा आणि परत द्यायचा. या भेटींची नोंद मी रजिस्टरमध्ये कधी केली नाही. पासपोर्ट केबिनच्या बाहेर गेला नव्हता.

तपासणी होत नव्हती असं नाही. मजूर खात्याचे इन्स्पेक्टर यायचे, आणि पुढे पुढे जास्तच यायचे. डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळाल्यापासून साऱ्या जगाचे कॅमेरे त्या देशाकडे लागले होते, २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे रीतसर तक्रारही गेली होती. कॅम्पबाबतचे नियम कागदावर तर देखणे होते: एका खोलीत चारच माणसं, दुमजली खाटा चालणार नाहीत. इन्स्पेक्टर येणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळायचं. कसं कळायचं ते मी विचारलं नाही. रात्री सुतार लावून वरच्या खाटा उतरवायच्या, चार-चार माणसांना दिवसभरासाठी साइटच्या शेडमध्ये पाठवायचं, आणि सकाळी मी गठ्ठे घेऊन कॅम्पवर. ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात. त्या दिवशी रजिस्टर कपाटातच राहायचं.

इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्यानं घाई केली नाही. रांगेतल्या प्रत्येकासमोर उभा राहून त्यानं विचारलं: पगार वेळेवर मिळतो का, पासपोर्ट कुणाकडे असतो, काही तक्रार? तो अरबीत विचारायचा, मंदूब हिंदीत सांगायचा, उत्तर हिंदीत यायचं आणि मंदूब ते अरबीत नेऊन पोचवायचा. मंदूब आमचाच. पण सरकारनं स्वतःचा दुभाष्या आणला असता तरी त्या दिवशी उत्तरं बदलली असती असं वाटत नाही. फोरमन दहा पावलांवर हात मागे बांधून उभा होता. इन्स्पेक्टर तासाभरात जाणार होता आणि फोरमन उद्या पहाटे चारला बसच्या दारात उभा असणार होता. माझा स्टील फिक्सर पासपोर्ट वर धरून म्हणाला, ‘मेरे पास है, साब. सब ठीक है.’ संध्याकाळी मी फिरून सगळे गोळा केले. त्याचा त्यानं आधीच रुमालात गुंडाळून तयार ठेवला होता.

तो पुढे अकरा महिने टिकला आणि कर्ज फिटल्यावर गावी गेला. कारणाच्या रकान्यात ‘फायनल एक्झिट’.

आता, सगळे नियम वाऱ्यावरच गेले असं मी म्हणणार नाही, कारण एक नियम आमच्या साहेबांच्या झोपेवर बसलेला मी पाहिलाय. २०१५ साली पगार बँकेतूनच द्यायची सक्ती आली. वेज प्रोटेक्शन सिस्टीम. अमिरातीत ती २००९ पासून होतीच. त्याआधी आमच्याकडे पगार पाकिटातून व्हायचा, मी पाकिटं वाटायचो आणि अंगठे घ्यायचो. पाकिटात किती आहे आणि कागदावर किती लिहिलंय हे जुळेलच असं नसे, आणि दोन-दोन महिने पाकीट येतच नसे. आता पगार तारखेपासून सात दिवसांत खात्यात गेला नाही तर सरकारच्या संगणकात लाल खूण उमटायची आणि कंपनीची फाइल ब्लॉक व्हायची. ब्लॉक म्हणजे नवे व्हिसे बंद. दंडाला साहेब कधीच घाबरले नाहीत, दंड त्यांच्या लेखी खर्चाची एक बाब होती. पण व्हिसे बंद म्हणजे पुढच्या कंत्राटाला माणसं नाहीत. त्या वर्षापासून पगाराच्या आठवड्यात मी त्यांना स्वतः बँकेत फोन करताना ऐकलं.

आणि तरी. बँक खाती उघडली तेव्हा साडेतीन दिवस कॅम्पवर बँकेची माणसं बसली होती. प्रत्येकाला एटीएम कार्ड आणि पिनचं बंद पाकीट. आठवडाभरानं फोरमननं कार्ड गोळा केली: हरवतात, पिन विसरतात, मशीन गावात आहे, बसचा खर्च कोण देणार. कंपनीचा एक माणूस जाऊन सगळ्यांचे पैसे काढून आणणार. कार्डं एका खोक्यात भरली, प्रत्येकाला मागे चिकटपट्टीनं पिन लावलेला, आणि खोकं माझ्याकडे आलं. कपाटाचा खालचा खण रिकामाच होता.

संगणकात सगळं हिरवं. पगार वेळेवर, पूर्ण, खात्यात. काढलेल्या पैशांतून जेवणाचे, गाद्यांचे आणि कसले कसले कापून उरलेले पाकिटात यायचे, पूर्वीसारखे. दोन वर्षांनी एका बांगलादेशी प्लंबरनं थेट बँकेत जाऊन कार्ड हरवल्याचं सांगितलं आणि नवं घेतलं. ती बातमी कॅम्पभर पसरायला एक रात्र पुरली. पुढच्या महिन्यात तीस-चाळीस जणांची कार्डं ‘हरवली’. फोरमन ओरडला, पण सगळ्यांवर कितीदा ओरडणार! त्या प्लंबरची हुशारी कुठल्या कायद्यात नव्हती, मात्र कायद्यानं त्याच्या नावचं खातं उघडलं नसतं तर ती त्याला सुचलीही नसती.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलू लागलो तर आवरणार नाही. माझ्या काळात १५ जून ते ३१ ऑगस्ट दुपारी साडेअकरा ते तीन उघड्यावर काम बंद, असा नियम होता. काम खरंच बंद असायचं. पण बस कॅम्पवर परत नेत नसे, म्हणून माणसं ट्रेलरच्या खाली, शटरिंगच्या सावलीत आडवी पडायची, आणि तेवढे साडेतीन तास दिवसाच्या शेपटीला जोडले जायचे. टाइमशीटवर ते मीच जोडायचो. २०२१ पासून हा काळ वाढवून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते साडेतीन केलाय, आणि ऊन, दमटपणा, वारा मिळून मोजणारा आकडा ३२.१च्या वर गेला की कुठल्याही वेळी काम थांबवायचं, असंही आलंय. हा नियम मला आवडतो. तो कुणाच्या विनंतीवर अवलंबून नाही.

परत आल्यावर मला वाटायचं की हे आखाताचंच दुखणं. मग वाचत गेलो. कॅनडात शेतावर हंगामी मजूर आणायची योजना १९६६ पासून चालू आहे, जमैकाच्या मजुरांपासून सुरू झालेली, आणि तिथेही परवान्यावर मालकाचं नाव असतं. छळ होत असल्याचं दाखवलं तर कुठेही काम करायचा खुला परवाना मिळेल, ही सोय व्हायला २०१९ उजाडलं. जपाननं १९९३ मध्ये परदेशी मजुरांना ‘प्रशिक्षणार्थी’ हे नाव दिलं. शिकाऊ म्हटलं की शिकवणारा बदलता येत नाही. ती योजना गुंडाळायचा कायदा २०२४ मध्ये झाला. ब्रिटननं घरकामासाठी येणाऱ्यांची मालक बदलायची मुभा २०१२ मध्ये काढून घेतली, २०१६ मध्ये अर्धवट परत दिली. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मजुराला एका मालकाला बांधून घालणारी पद्धत बेकायदा ठरवली. भाषा, पैसा, हवामान सगळं वेगळं. परवान्यावरचा मालकाचं नाव लिहायचा रकाना तेवढा सगळीकडे सारखा.

आणि हा रकाना फार जुना आहे. मॉरिशस, त्रिनिदाद, फिजीला आपली माणसं गेली ती ‘गिरमिट’वर, म्हणजे ॲग्रीमेंटवर. करारातला मळा सोडला की तुरुंग. तेव्हाही सरकारनं त्यांच्या रक्षणासाठी अधिकारी नेमला होता, ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’. गिरमिट १९१७ मध्ये बंद झालं; अधिकाऱ्याचं नाव मात्र तेच राहिलं. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली आज मुंबईत जे कार्यालय आहे, तेही प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचंच. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर तिथला शिक्का लागतो. करार बघतात, विमा उतरवला जातो, एजंटानं ३० हजार रुपये आणि वर करापेक्षा जास्त घेऊ नये असा नियम आहे. माझ्या फिक्सरच्या कागदांवरही तो शिक्का होता. एजंटाला दिलेल्या ९० हजारांची पावती नव्हती, त्यामुळे कागदोपत्री ते दिलेलेच नव्हते. मी पदवीधर, मला शिक्का लागला नाही. दहावी झालेल्याला आपलं भलंबुरं कळतं असं कायदा गृहीत धरतो. तीनशे जणांच्या त्या रात्रीच्या सह्यांत माझीही एक होती, मीच लिहिलेल्या मजकुराखाली.

घरकामाच्या बायांबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही, कारण मला त्या कधी दिसल्याच नाहीत. २००४ च्या कामगार कायद्यात त्या नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळा कायदा २०१७ मध्ये झाला. आमच्याकडे निदान इन्स्पेक्टर यायचा. बंगल्याच्या स्वयंपाकघरात कोण जाणार?

२०२० च्या ऑगस्टअखेर कतारनं एनओसी रद्द केली. नोटीस द्यायची, दोन वर्षांपर्यंत काम झालं असेल तर एक महिन्याची, त्याहून जास्त झालं असेल तर दोन महिन्यांची, आणि नव्या मालकाकडे जायचं. त्याच वेळी सगळ्यांना लागू असणारं किमान वेतनही जाहीर झालं, १००० रियाल, मार्च २०२१ पासून. खोली आणि जेवण मालक देत नसेल तर त्याचे ८०० वेगळे. मी तोवर परत आलो होतो. बातमी वाचली आणि पहिल्यांदा शेजारच्या प्लॉटवरचे ते ११०० रियाल आठवले.

२०२१ च्या उन्हाळ्यात फोन आला. माझा स्टील फिक्सर. मधल्या काळात तो पुन्हा दोहात गेला होता, वेगळ्या कंपनीत, आता फोरमन होता. त्यानं नोकरी बदलायचा अर्ज मोबाइलवरून केला होता. लगेच झालं नाही. जुन्या कंपनीनं राजीनाम्यावर शिक्का मारायचं नाकारलं, मग रहिवास रद्द करायची धमकी, मग फरारची तक्रार करू म्हणून. तसं बऱ्याच ठिकाणी चाललं होतं. पुढच्या दारानं काढलेली एनओसी मागच्या दारानं शिक्का होऊन येत होती. तो वाद मिटवणाऱ्या समितीकडे गेला. तिथे दोनदा खेटे घातले. आणि मग एका रात्री मंत्रालयाचा संदेश आला, वर अरबी, खाली इंग्रजी. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला. खाली आवाजात बोलून: ‘साब, इसमें लिखा क्या है पूरा, पढ़ के बताओ.’ मी वाचून सांगितलं. मंजूर. तो थोडा वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘पुराने वाले ने अब तनखा बढ़ाने का बोला है.’

मी हसलो. तो जायचा तो गेलाच, पण मागे राहिलेल्या बारा फिक्सरांना शंभर-शंभर रियाल वाढवून मिळाले. त्यांच्यापैकी कुणी अर्ज केला नव्हता. करू शकतात, एवढं मालकाला कळलं होतं. इन्स्पेक्टर किती नेमले, दंड किती वाढवला, याचे आकडे वाचताना मी आता फार थांबत नाही. मी आधी बघतो की हा माणूस उद्या सकाळी दुसरीकडे कामाला गेला तर त्याला पकडून आणणार का. ते कलम नीट असेल तर बाकीच्या कलमांना कुणीतरी वाली असतो. पगार कमी आला, ऊन फार झालं, खोलीत आठवा माणूस घातला, तर बोलून दाखवायला माणसाच्या पायात बळ लागतं. तरी कर्जाचं काय, हे राहतंच. एजंटाचे ९० हजार डोक्यावर असलेला माणूस मंत्रालयाचा संदेश हातात असूनही जागचा हलत नाही. ते कलम दोहात नाही, आपल्याकडे लिहावं लागेल.

मी स्वतः परत आलो नोव्हेंबर २०१८ मध्ये. त्याच्या काही दिवस आधीच देशाबाहेर जायला मालकाचा परवाना लागायची अट बहुतेक कामगारांसाठी निघाली होती, त्यामुळे तिकीट काढलं की झालं, असं मला वाटत होतं. माझ्या जागी कोल्लमकडचा एक पोरगा आला होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, अतिशय व्यवस्थित. दोन दिवसांत त्यानं पासपोर्टांचे गठ्ठे नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून टाकले, रबरबँडच्या जागी कापडी पट्ट्या. कार्डांच्या खोक्यात आता थोडीच कार्डं होती, ती त्यानं मोजली. मी त्याला किल्ली दिली आणि दार कसं उघडायचं, गुडघा कुठे लावायचा ते दाखवलं.

शेवटच्या दिवशी मी बॅग घेऊन केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, माझा पासपोर्ट दे. त्यानं दाराला बरोबर जागेवर गुडघा लावला, गठ्ठा सोडला, माझा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. मी हात पुढे केला तेव्हा त्यानं रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक घातला, माझं नाव लिहिलं, नंबर उतरवला, तारीख टाकली. मग पेन पुढच्या रकान्यावर धरून वर बघितलं.

‘सर, रीझन क्या लिखूँ?’